अठ्ठावीस बाटल्या

बोल्दिझार गेल्यावर शेडमध्ये अठ्ठावीस बाटल्या निघाल्या.
व्हॅनिला, मध, लसूण, चक्रफूल.
एकीवर नुसतंच लिहिलेलं: वाईट.
त्याचं अक्षर तसंच, उजवीकडे कललेलं,
जणू वाऱ्यात बसून लिहितोय.

चार वर्षं मी फळीला हात लावला नाही.
मग शेजारचा बेंदे आला,
चौदाचा, मिसरूड अजून फुटायचं,
हातात दुकानातली नवी बाटली.
"स्ट्रॉबेरी आहे, एतेल्का आजी. दुप्पट कडक.
अर्धी ओतू?"

तिसा नदीनं ते वळण
माझ्या आजोबांच्या आधीच टाकून दिलंय.
पाणी तिथं राहतं, जात नाही.
विलोंची पांढरी म्हातारी दिवसभर त्यावर बसून असते.
मी म्हटलं, ओत, पण आधी सांग,
ओतलेलं इथून जाणार कुठं?
तो पाण्याकडे बघत राहिला, मग बाटलीकडे.

त्या जुलैत बोल्दिझारनं तीन बादल्या टाकल्या होत्या.
मका, सूर्यफुलाची पेंड, काकवी,
आणि वरून पाव बाटली 'वाईट'.
स्पर्धा होती. बक्षीस होतं एक करवत.
मासे आले. येणारच.
पण खाऊन खाऊन खातील किती?
उरलेलं तळाशी आंबत गेलं,
आणि चौथ्या पहाटे पाण्यालाच दम लागला.
ब्रीम काठाशी येऊन, तोंडं वर करून
हवा पीत होते,
इस्पितळातली माणसं चमच्यानं सूप पितात तसे.
दुपारी आम्ही दोघं फावड्यानं ते गोळा केले.
तो एक शब्द बोलला नाही.
करवत अजून खिळ्याला आहे.
तिनं एक फांदी कधी कापली गेली नाही.

वास म्हणजे शब्द, पोरा.
दिलास, तर त्याच्यामागे घास हवा.
मूठभर मका, त्यावर एक थेंब,
आणि पाणी कोमट असेल तर तोही नाही.
हात आधी चिखलानं घास:
तुझ्या सायकलच्या ग्रीसचा वास
कार्पला तुझ्याआधी पोचतो.
आणि झटका लवकर दे.
गोड लागलं की मासा थुंकत नाही,
गिळत जातो, गिळत जातो,
मग गळ काढायला आतडं उसवावं लागतं.
अडा नसलेला गळ लाव.
ते रबरी, सुगंधी किडे तर नकोच,
तुटून पडले की वर्षानुवर्षं
कुणाच्यातरी पोटात स्ट्रॉबेरी बनून राहतात.

त्यानं एकच थेंब सोडला.
फार कंजूषपणानं, डोळा बारीक करून,
डोळ्यात औषध घालतात तसा.
दोन तास काही नाही.
मी मिरचीचा पाव खाल्ला, त्यानं तीन खाल्ले.
मग दोरी हलली.
ओठाच्या कडेला लागलेला कार्प,
ओल्या फडक्यावर क्षणभर सोनेरी,
आणि परत पाण्यात.
बेंदे बराच वेळ स्वतःचे हात हुंगत होता.

घरी आल्यावर मी 'वाईट'चं बूच काढलं.
का, विचारू नका.
धूर, जुना मासा, चक्रफूल,
आणि या सगळ्याच्या खाली
त्याचा हिरवा कोट,
पावसात भिजून दाराशी टांगलेला.
झटका द्यायला कुणी नव्हतं.
मी खोलवर गिळत गेले.

रसायनं नेणारी गाडी गावात
महिन्यातून एका मंगळवारी येते.
ड्रायव्हरनं मोजल्या, पावती केली:
सत्तावीस.