परत येण्याचा पुरावा

रुवीच्या टायपिंग सेंटरात शिजू विचारतो,
"कारण काय टाकू?"
इंग्रजी. अकरा आठवडे. माल्टा.
तो माझ्याकडे बघतो,
मग अबायांना खडे टाचून
चाळणी झालेल्या बोटांकडे.

पुढचा रकाना : परत येण्याचा पुरावा.
घर? खेडला, भावाच्या नावावर.
नवरा? पुढं चल.
इथलं कार्ड मार्चपर्यंत.
कफील म्हणाला, पत्र देतो,
पण येशील ना, रुकय्या?
हो म्हटलं. अरबीत म्हटलं,
त्या भाषेत मला अजून 'नाही' जमत नाही.

म्हणजे परत यायचं ते इथं,
जिथं बावीस वर्षं मी तात्पुरती आहे.

शिजू कागद सरकवतो.
सही पासपोर्टवर आहे तश्शीच हवी.
तिथं मराठीत आहे,
'रु'ची शेपटी चौकटीबाहेर गेलेली.
तशीच काढते.