ऐदु

पार्क मैदानावर माझी जागा ठरलेली:
गुणलेखकांच्या टेबलामागची तिसरी खुर्ची,
जिचा एक पाय आखूड आहे.
शेजारी बर्फाचा डबा. बर्फ मासळीवाल्या अन्वरभाईंकडचा,
म्हणून गुडघ्याला लावताना मुली नाक मुरडतात.

संघाची डॉक्टर नेमकं करते काय, नवऱ्यानं एकदा विचारलं.
म्हटलं, सगळे पळणारीकडं बघतात.
मी बघते
उठताना जी एक हात जमिनीला टेकते तिच्याकडं.

तसं काम सामन्याआधीच झालेलं असतं.
पाळी कधी आली होती, मी विचारते,
आणि गड्डम सर लगेच लिंबाच्या झाडाकडं बघू लागतात.
महादेवीचं हिमोग्लोबिन आठ. लोहाची गोळी चहासोबत नको, बाई,
लिंबू पिळून घे.
सराव पहाटे साडेपाचला, कारण एप्रिलात नवानंतर
मैदानाची माती तव्यासारखी होते.
हे कुठल्याच गुणफलकावर लिहीत नाहीत.

त्या संध्याकाळी शेवटची चार मिनिटं उरली होती.
नागमणीनं खांबावर सूर मारला.
गडी बाद झाला. शिट्टी वाजली.
टाळ्यांच्या खाली अजून एक आवाज होता,
लाकडावर कपाळाचा.

"काय होईना की ओ म्याडम, सोडा मला."
दहापासून उलटे आकडे म्हण.
दहा, नऊ, सात...
"मराठीत गोंधळालंय. आमच्या भाषेत म्हणते की."
म्हण.
पदि, तोम्मिदि, एनिमिदि, एडु, आरु,
नालुगु, मूडु, रेंडु, ओकटि.
झरझर. मान ताठ.
आणि मला तेलुगू येत नाही.
अशोक चौकात अकरा वर्षं दवाखाना चालवून येत नाही.

संघातल्या पोरी गप्प. त्यांना येत होतं.
दोरीपलीकडं तिची आत्या उभी होती, नरसव्वा,
विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून आलेली,
डोळे मिटून पंचवीसचा कट्टा बांधणारी.
बरोबर म्हणाली का हो?
आत्यानं भाचीकडं पाहिलं. गुणफलकाकडं पाहिलं.
मग स्वतःच्या बोटांकडं,
जिथं तंबाखूचा पिवळा रंग आता धुऊन निघत नाही.
"ऐदु," ती म्हणाली.
"ऐदु राहिलं की."

मी पंचांना हात केला. बदली.
नागमणीनं बर्फ भिरकावला, माझ्या चपलेवर फुटला.
एका गुणानं हरलो.
सात रस्ता येईपर्यंत गड्डम सर बोलले नाहीत,
आणि आल्यावर फक्त म्हणाले, "इथं सोडा."

स्कॅन स्वच्छ आला.
हेच अवघड. काही झालं नाही
याचा कप कुणी देत नाही.
रात्री दोनला तिला उलटी झाली, मग झोप लागली.
आत्या बाकावर जागीच होती. मांडीवर सूप नव्हतं,
पान नव्हतं,
तरी बोटं वळत होती.

पुढं अठरा दिवस. आधी चालणं,
मग हळू पळणं, मग एकटीनं वळणं,
खांबाला हात लावणं सगळ्यात शेवटी.
तेवढे दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
नाडी मोजू द्यायची, तोंड फिरवून.

आता हंगाम सुरू व्हायच्या आधी,
कुणालाच काही झालेलं नसताना,
मी प्रत्येकीकडून उलटे आकडे म्हणून घेते,
जिच्या तिच्या घरच्या बोलीत, आणि वहीत लिहून ठेवते.
शाहीननं उर्दूत म्हटले, मध्येच हसली.
मग महादेवी, कन्नडात:
हत्तु, ओंबत्तु, एंटु, एळु, आरु,
आणि श्वास घ्यायला थांबली.

मागं पट्टी गुंडाळत बसलेली नागमणी,
मान वर न करता,
हळूच म्हणाली,
ऐदु.