पडताळणी

एकतीस वर्षं मी दाल बाजारात वजनं तपासली.
बगलेत लाकडी पेटी, पेटीत मखमल, मखमलीत
पितळेची सरकारी वजनं.
त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायची,
घामालाही वजन असतं म्हणून.

तर कंपूतल्या दिगंबर इंदापूरकरला
गच्चीवर पापड राखताना साक्षात्कार झाला
असं अख्खा लष्कर भाग म्हणू लागला, तेव्हा
मेहुणा म्हणाला, "तुम्हीच बघून या की.
तुमचा तर जन्म त्यात गेला."

गेलो.
मला एवढंच ठाऊक:
दुकानात पाय ठेवताच जो सेठ म्हणायचा,
"साहब, काँटा एकदम सही है,"
त्याचं पारडं मी आधी उलटं करायचो.
चिंचेचा गोळा, कधी चुंबक,
एकदा तर देवाचा अंगारा, मेणात मळून.
दिगंबर काहीच म्हणाला नाही.
म्हणणारे बाहेर होते, चपलांपाशी,
पावतीपुस्तक घेऊन.
हे त्याच्या बाजूनं धरायचं की विरुद्ध,
मला ठरवता आलं नाही.

दुसरं असं, की काटा आधी रिकामा बघतात.
म्हणून गुरुवार टाळला. मंगळवारी गेलो, दुपारी अडीचला,
हार नाहीत, उदबत्ती नाही.
बनियनवर बसून तो नळाचा वायसर बदलत होता.
वायसर चुकीच्या मापाचा निघाला.
मी त्याच्या जिवणीकडे बघत राहिलो.
"च्यायला," म्हणाला, आणि हसला.
मुलगा समोर लोळत होता, त्याला नाही पाठवलं.
ग्वाल्हेरच्या त्या मे महिन्यात
स्वतःच गेला परत, डोक्यावर टॉवेल टाकून.

सरोजिनीवहिनींनी ताक दिलं.
विचारलं, काय फरक पडला?
त्या भांडं हातात फिरवत राहिल्या.
"घोरतात तसेच.
मीठ जास्त झालं की बोलतातही तसंच.
फक्त पूर्वी स्वतःचं चुकलं तर
दोन दिवस अबोला. आता म्हणतात, चुकलं.
आणि जेवायला बसतात."
मग आत जाता जाता,
"पण कुठे लिहू नका हां. दोनच वर्षं झालीत अजून."

दोनच वर्षं.
बाईंना आमचं खातं माहीत नाही, नियम मात्र माहीत.
काट्यावरचा शिक्का वर्षापुरता.
पुढच्या वर्षी पुन्हा पेटी, पुन्हा चिमटा,
पुन्हा सेठचा कोरडा घसा.
आणि चपलांपाशी तर सांगत होते,
एकदा झालं ते झालं, कायमचं.
असं लोखंड मी पाहिलेलं नाही.

घरी आलो की अहवाल लिहायची सवय.
'समाधानकारक' लिहिलं. खोडलं.
तेव्हा आठवली त्र्याऐंशीची दिवाळी,
एक पोतं तूरडाळ,
आणि मी न उलटलेलं एक पारडं.
डाळ शिजायलाही चांगली होती.

सरकारी वजनंसुद्धा ठरल्या मुदतीनं
वरच्या प्रयोगशाळेत जायची,
आपल्याहून खऱ्या वजनांसमोर उभी राहायला.
पोचवायला मीच जायचो.
बाकावर बसायचो, पेपर वाचायचो,
पेटी परत मिळेपर्यंत.
मला कुणी आत बोलावलं नाही,
आणि मीही विचारलं नाही.

येत्या मंगळवारी पुन्हा जाईन.
नळ गळतोय का बघायला.
अर्ध्या इंची वायसर घेऊन ठेवलाय एक,
असू दे खिशात.