भासवणे

नारायण पेठेतल्या माडीवर, पंख्याखाली,
कार्डं उडू नयेत म्हणून दाबके सर
त्यांवर लाटणं ठेवतात, घरून आणलेलं.
आज माझ्याकडे 'भ'.

'भासणे' सकाळीच झालं.
अकर्मक. कुणाचाच दोष नाही त्यात.
संध्याकाळी पर्वती जवळ भासते, एवढंच.
पुढच्या कार्डात मध्येच एक 'व' शिरतो
आणि त्या 'व'च्या आड कुणीतरी उभं असतं
श्वास धरून.

अर्थ अवघड नव्हता:
'नसलेले आहे असे वाटायला लावणे.'
सर म्हणाले, उलटही घ्या, असलेलं नाही असंही.
आणि 'फसवणे'पासून वेगळं काढा.
फसवायला दुसऱ्याचा खिसा लागतो, मी म्हटलं.
मग 'आव'?
तो आणावा लागतो.
कुठून आणतात, ते जुन्या कार्डांतही नाही.
चहा आला. सर हसले नव्हते.
म्हणाले, उपयोग राहिला. एक वाक्य द्या.

कर्वेनगरला शरयूमावशी.
दोन वर्षं झाली, तिला ऐकू येत नाही.
कुकरच्या शिट्ट्या ती मोजते
शिट्टीकडे बघून.
बेल दाबायच्या आत दार उघडते,
गॅलरीतून पाहिलेलं असतं तिनं आम्हाला.
विनोदाला हसते, सगळ्यांच्या
किंचित मागून.
आणि 'हो का' म्हणते.
'हो का' कुठेही बसतं.

परवा सांगितलं तिला, खालचे पानसे गेले.
ओठांवरचं 'गेले' तिनं टिपलं, बाकीचं निसटलं.
"हो का! बरं झालं बाई,
कधीचे जायचं म्हणत होते मुलीकडे."
कुणीच काही बोललं नाही.
मग काका, तोंड नीट तिच्याकडे करून,
"हो ना, सिडनीला. पहाटेच निघाले,"
आणि चिवड्याची बशी
पुढे सरकवली.
मीही मान हलवली. चिवडा घेतला.
तिनं आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे,
जरा जास्तच वेळ,
आणि म्हणाली, "हो का."

कुणी, कुणाला
हा रकाना कार्डावर नाही.

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं:
'त्याने आपण श्रीमंत असल्याचे भासवले.'
सरांनी चष्मा वर करून वाचलं.
"चालेल. कोण हा?"
कुणी नाही, म्हटलं, असाच.
त्यांनी लाटणं उचललं,
कार्ड खाली सरकवलं,
लाटणं पुन्हा ठेवलं.