शेळ्यांचा पगार

माझ्या शेळ्या आता नगरपालिकेच्या नोकरीत आहेत.
एकशेबारा. हजेरी मी मांडते.
पगार माझ्या नावानं येतो, तोही तीन महिन्यांनी,
पण त्यांचा एका दिवसाचा खाडा नाही.

साहेब येतो खालच्या गावातून, रेनातो,
अजून दाढी धड फुटलेली नाही.
नकाशावर लाल पट्टा आखून म्हणतो,
दोना झुल्मिरा, ही जाळरेषा.
मी म्हणते, पोरा, ही माझी रोजची वाट.

तोझूचे काटे माणसाच्या पायताणातून आरपार जातात.
शेळ्यांना ते लोण्यासारखे लागतात.
दोतोरा, म्हणजे आमची डॉक्टरीणबाई,
आधी हुंगते, मग कळप तोंड लावतो.
कंबरेएवढं वाळकं रान
घोट्याशी येतं हळूहळू,
उन्हाळा तोंडावर यायच्या आत.

अकरा माणसं आमच्या गावात. सगळ्यात तरुण मी, त्रेसष्टची.
बाकीची घरं कुलपात, मालक लक्झेंबर्गला, फ्रान्सला.
बस्तियांवच्या घरात काटेरी जाळी खिडकीतून आत शिरलीय,
पाहुण्यासारखी नाही, वारसासारखी.

त्या ऑक्टोबरात
आम्ही घाबरून गाड्या काढल्या होत्या.
खालच्या रस्त्यानं.
माझी जाऊ अडेलिया पहिल्या गाडीत होती.
मला शेळ्या सोडवायला उशीर झाला, म्हणून मी शेवटच्या.
याहून जास्त मी बोलत नाही.
रस्ता तोच आहे. डांबर नवं टाकलंय.

आता चॅपलची घंटा तीनदा वाजली की
गाड्या जिथल्या तिथं.
गॅस बंद, खिडक्या बंद, दार नुसतं लोटलेलं,
ओलं फडकं घेऊन दगडी अंगणात जमायचं.
गेल्या मे महिन्यात सराव झाला.
माझ्या दिराला, इलिदियूला, यायला एकोणीस मिनिटं लागली.
वाटेत त्यानं ऑलिव्हच्या रोपाला पाणी घातलं.

आणि यंदा मार्चमध्ये, वारा पूर्वेचा असताना,
हाच इलिदियू
द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्या पेटवून बसला.
ना फोन केला, ना परवाना, ना पाण्याची बादली.
साठ वर्षं हेच करतोय म्हणे.
धूर आडवा झाला
आणि माझ्या पोटात डांबर वितळलं.
मी धारा काढून येत होते, दोन हातांत दोन कॅन.
झरा दोनशे पावलांवर.

अठरा लिटर दूध ओतलं मी आगीवर.
उरल्या निखाऱ्यांवर बुटानं माती लोटली.
गावाला वाटलं, कुणाची तरी खीर करपली.

तो आठ दिवस बोलला नाही.
नवव्या दिवशी दारात, टोपी हातात:
दुधाचे किती झाले?
म्हटलं, पैसे ठेव. तुझ्या पन्हाळीत
तीन वर्षांच्या पाइनच्या सुया साठल्यात, त्या काढ.
भिंतीला टेकवलेलं सरपण पलीकडे ने.
शिडी मी धरते.

धरली. वरून तो शिव्या देत होता
पन्हाळीला, सरकारला, मला,
आणि मधेच एकदा
अडेलियाचं नाव घेतलं त्यानं, शिवीविना.
ओंजळभर सुया माझ्या डोक्यावर पडल्या.
मी झटकल्या नाहीत.

सप्टेंबरात पलीकडचं खोरं दोन रात्री लाल होतं.
टीव्हीच्या गाड्या तिकडे गेल्या.
इकडे काय दाखवणार,
भादरलेला डोंगर?
दोन्ही रात्री आम्ही बूट घालून झोपलो.

परवा रेनातो फॉर्म घेऊन आला.
शेवटचा रकाना: कामातून काय निष्पन्न झालं.
त्याला सुचेना. म्हणाला, तुम्हीच सांगा.
मी म्हटलं, लिही, लेंड्या.
तो हसला. मी नाही.
लिही, म्हटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
हव्या तर मोजून घे.
आणि खाली लिही, दोतोरा व्यायलीय,
तिला चार दिवस भरपगारी रजा.