जन्मतारीख

शेवटचा पेशंट गेल्यावर, रात्री सव्वाआठला,
आर्ची स्लेटरनं मागच्या दारानं दगड आणला.
ट्रॉलीवर जुनी चादर, चादरीवर तो:
पिवळसर, दोन विटांएवढा,
होपमनच्या खाणीत पाचर ठोकताना उकललेला.
एका अंगाला भोक. करंगळी जाईल एवढं.
"आत कुणीतरी आहे," आर्ची म्हणाला,
शेजारच्या घराबद्दल बोलावं तसं.

मशीनला नावाशिवाय चालत नाही.
मी लिहिलं: स्लेटर, दगड.
मग जन्मतारीख.
पंचवीस कोटी वर्षं मागं जाईल
असा रकाना एल्गिनच्या हॉस्पिटलात नाही.
१ जानेवारी १९०० च्या आधी
कुणी जन्मलंच नाही, असं त्याचं म्हणणं.
बरं. १ जानेवारी १९००.
गरोदर आहे का?
इथं आर्ची हसला, मग गप्प झाला.

आमच्याकडचा दगड काळा, आगीतून आलेला.
त्यात कुणी राहत नाही.
त्याच्यावर रेघ मारली की विषय संपला,
भांडण असो की वचन.
हा वाळूचा. चादरीवर चिमूटभर सांडला
तेव्हा कळलं,
वारा अजून याच्यातून गेलेला नाही.

मशीन आपणहून बोलतं, कुण्या बाईच्या
रेकॉर्ड केलेल्या आवाजात:
श्वास घ्या. रोखून धरा.
आवाज बंद करायचं बटण मी शोधत राहिले.
दगडानं रोखून धरला होताच.

पडद्यावर काप येऊ लागले, एकेक,
कांद्याचे पडावेत तसे.
हाड नव्हतं.
हाड केव्हाच पाण्यानं नेलं,
थेंबाथेंबानं, सवडीनं.
उरली होती हाडाची जागा,
काळी, चोख,
कुणी उठून गेल्यावर उशीला राहते तशी.
दोन सुळे. चोच.
डोळ्यांच्या खोबणी एवढ्या मोठ्या
की मी दिवा थोडा मंद केला.

"खायचं काय?"
पाला असेल, वाळवंटात मिळेल तेवढा.
"आणि वजन?"
म्हटलं, हा दगड असायला हवा त्याहून
या जनावराएवढा हलका आहे.
आर्ची बराच वेळ ट्रॉलीचा दांडा धरून उभा राहिला.
श्वास सोडा, बाई म्हणाली. उशिरानं.

जाताना तो पावलांचं बोलला.
खाणीत पावलंही निघतात, टेकाडावर चढणारी,
प्रत्येक पावलामागं ढकललेल्या वाळूची कोर.
उतरणारी त्याच्या बापानं पाहिली नाहीत,
त्यानंही नाही.
"चांगल्या फरश्या लोकांच्या अंगणात गेल्या.
पावलांची बाजू खाली घालायचो.
कुणी अडखळायला नको."

माझं घर भाड्याचं, समुद्राच्या चढावर.
फाटकापासून दारापर्यंत पाच फरश्या, पिवळसर,
सहा वर्षं त्यांच्यावरून कचऱ्याचा डबा ओढत आलेय.
त्या रात्री थंडी मरणाची होती.
बूट हातात घेऊन चढले.