चालू रीडिंग

मागील रीडिंग : सात हजार चारशे बारा.
चालू रीडिंग शाल्मली वाचते, बोट ठेवून,
एकेक आकडा सुटा, सोललेल्या शेंगदाण्यासारखा.
सात. चार. नऊ. आठ.
"म्हणजे किती, आई?"
म्हणजे शहाऐंशी युनिट.
म्हणजे गीझर बंद, इस्त्री बंद,
म्हणजे राघूला झोप लागली की पंखा दोनवर.

बिलाच्या कोपऱ्यात मागच्या बारा महिन्यांचे उभे खांब.
तिने त्यांना खिडक्या काढल्या,
गच्चीवर टाक्या, एका टाकीवर कावळा.
सगळ्यात उंच मे महिन्यात कोण राहतं ते तिलाही माहीत नाही.
सगळ्यात बुटक्या इमारतीत आपण.
"तिथे लिफ्ट लागतच नाही," ती म्हणाली.

महापेला नऊ वर्षं मी हेच तर करत होते :
लोकांच्या थकलेल्या बिलांमागे फोन.
सर, आपलं पेमेंट पेंडिंग दिसतंय.
पहिल्या आठवड्यात आवाजात साखर,
तिसऱ्या आठवड्यात सुपारी.
मग एका शुक्रवारी मला आत बोलावलं.
टेबलावर पाण्याची बाटली, झाकण आधीच उघडून ठेवलेलं.
तेव्हाच कळायला हवं होतं.

आता तोच फोन मला येतो, साडेअकराच्या सुमारास,
राघूच्या गालात वरणभाताचा घास तसाच असताना.
पुढचं वाक्य मला पाठ आहे.
काल तिच्याआधी मीच ते म्हणून टाकलं.
पलीकडची मुलगी थांबली,
खुदकन हसली, आणि लगेच घाबरली.
कॉल रेकॉर्ड होतो ना.
मी म्हटलं, टाक गं शेरा : ग्राहक वीस तारीख म्हणतो.
हा शेरा मी शेकडो वेळा टाकलाय
आणि वीस तारखेवर एकदाही विश्वास ठेवलेला नाही.

ह्याचा पगार एक तारखेला येतो
आणि पाचला घराच्या हप्त्यात उडी मारतो.
मधले चार दिवस आम्ही श्रीमंत असतो.
त्या चार दिवसांत दूधवाला, डायपर, गॅस,
आणि राघूचं ते गुलाबी औषध,
ज्याची अर्धी बाटली तो सदऱ्यालाच पाजतो.

व्हॅन बंद केली. शाळेत चालत जातो,
घणसोलीच्या नाल्यावरून, राघू माझ्या कडेवर.
शाल्मली पुलावर थांबून बगळे मोजते.
व्हॅनमधून हे दिसायचेच नाहीत, म्हणते.
मी होकार देते आणि घड्याळ बघते.
बगळ्यांचं कौतुक करायला मला अजून जमत नाही.

रविवारी तळमजल्यावर यादी लागली.
थकबाकीदार सभासद, लाल शाईत,
सेक्रेटरींचं अक्षर मोठं सुरेख.
शाल्मलीला आता तीन आकडी संख्या येतात.
सगळ्या लॉबीत ऐकू जाईल अशी ती ओरडली :
"सहाशे तीन! राघू, आपला नंबर आला!"
दोघांनी टाळ्याही वाजवल्या.
वॉचमन तिवारी रजिस्टरात काहीतरी शोधू लागले,
फार वेळ शोधत राहिले.
पिशवी घेऊन उभ्या जांभेकर काकू
बंद लिफ्टच्या दाराशी बोलल्यासारखं म्हणाल्या,
हुशार आहे हो पोर.

आम्ही जिन्याने वर आलो. सहा मजले.
ती पुढे, प्रत्येक दारावरचा नंबर मोठ्याने वाचत,
आणि मला प्रत्येक मजल्यावर वाटत होतं
कोणीतरी दार उघडेल.
कोणी उघडलं नाही.
किल्ली सापडेपर्यंत तिने विचारून घेतलं,
"बक्षीस काय?"

सकाळच्या पोळीला तूप-गूळ लावला,
गुंडाळी करून दोन तुकडे केले.
मग पंखा पाचवर ठेवला.
दोघं उताणी पडून पात्यांकडे बघत राहिली,
फ्रिजवरचं बिल चुंबकाखाली फडफडत राहिलं,
खिडक्यांसकट, कावळ्यासकट.
खाली मीटर पळत असेल.
पळू दे.